चौकशी आयोगापुढील वकिलांवर सरकारी तिजोरीतून झालेला खर्च कसा तपासावा : गोव्यातील नागरिकांसाठी मार्गदर्शन

एखादी दुर्घटना घडते, जमिनींच्या कागदपत्रांतील घोटाळा उघडकीस येतो किंवा खाणींच्या परवान्यांविषयी आरोप होतात, तेव्हा सरकार चौकशी नेमते आणि लोकांचे लक्ष अहवालाकडे लागते. चौकशी चालू असताना तिथे कोणकोण वकील उभे राहतात, ते कोणाच्या वतीने बोलतात आणि त्यांचे शुल्क कोणाच्या मंजुरीने कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातील खर्चाच्या सदरातून) दिले जाते, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. विचारले गेलेच तर ते ‘एकूण किती रुपये खर्च झाले’ एवढ्यावर थांबतात. आकडा महत्त्वाचा आहे, परंतु तो शेवटी विचारायचा. त्याआधी विचारायचे ते हे, की सरकारी पैशाने उभा राहिलेला वकील खात्याची बाजू मांडत होता की एखाद्या व्यक्तीची, आणि व्यक्तीची मांडत असेल तर तसे करण्याचा निर्णय कोणी, केव्हा आणि कोणत्या नियमाच्या आधारे घेतला. हा भेद कागदावर सिद्ध करता आला की आकड्यालाही अर्थ येतो. तो कसा सिद्ध करावा, याची वाट पुढे क्रमाने दाखवली आहे.

चौकशी कोणत्या प्रकारची आहे, ते आधी पक्के करा

वृत्तपत्रांत ‘चौकशी’ हा एकच शब्द अनेक गोष्टींसाठी वापरला जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या वेगवेगळ्या आहेत आणि वकिलाचा हक्क प्रत्येकीत निराळा आहे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याच्या कलम ३ खाली राजपत्रात अधिसूचना काढून नेमलेला आयोग हा पहिला प्रकार. जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी गोवा सरकारने २०२२ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग नेमला, तो या प्रकारातला. अशा आयोगाला साक्षीदारांना बोलावणे, शपथेवर जबानी घेणे, कागदपत्रे हजर करण्यास सांगणे असे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार कलम ४ ने मिळतात. दुसरा प्रकार सत्यशोधन समितीचा. २०२५ मध्ये शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, तेव्हा सरकारने वरिष्ठ अधिकाऱ्यांची समिती नेमली. अशी समिती प्रशासकीय आदेशाने नेमली जाते आणि तिच्यापुढे वकिलामार्फत बाजू मांडण्याचा १९५२ च्या कायद्यातील हक्क आपोआप लागू होत नाही. तिसरा प्रकार खातेनिहाय चौकशीचा आणि चौथा लोकायुक्तांपुढील चौकशीचा, जी गोवा लोकायुक्त कायदा, २०११ नुसार चालते.

म्हणून पहिली पायरी ही, की चौकशी नेमणारी अधिसूचना किंवा आदेश मिळवावा. आयोगाची अधिसूचना गोवा शासकीय राजपत्रात सापडते. तिच्यात नेमणुकीचे कलम, चौकशीचे विषय, मुदत आणि नेमणारे खाते ही चारही माहिती असते. चौकशीचे विषय बारकाईने वाचावेत. ते एखाद्या पद्धतीविषयी आहेत की ठरावीक व्यक्तींच्या वर्तनाविषयी, यावर पुढील खर्चाचे समर्थन बरेच अवलंबून राहते.

सरकारी खर्चाने उभे राहणारे वकील एकाच बाजूचे नसतात

आयोगापुढे दिसणाऱ्या वकिलांचे गट वेगळे केल्याशिवाय हिशेब लागत नाही. आयोगाला स्वतःला साहाय्य करणारा वकील असतो. तो पुरावा मांडतो, साक्षीदारांना प्रश्न विचारतो आणि त्याचे शुल्क आयोगाच्या खर्चात मोडते. सरकारचा किंवा एखाद्या खात्याचा वकील असतो. तो सरकारने काय केले आणि का केले हे आयोगासमोर ठेवतो. ज्यांच्या वर्तनाची चौकशी होते अशा अधिकाऱ्यांचे, मंत्र्यांचे किंवा माजी पदाधिकाऱ्यांचे वकील असतात. आणि शेवटी पीडितांचे, तक्रारदारांचे, ग्रामस्थांच्या संघटनांचे वकील असतात, जे बहुधा वर्गणीतून उभे केलेले असतात किंवा विनामोबदला काम करतात.

पहिल्या दोन गटांवरील खर्च सार्वजनिक असणे स्वाभाविक आहे. चौथ्या गटाला सार्वजनिक पैसा सहसा मिळत नाही. खरी तपासणी तिसऱ्या गटाची करावी लागते, आणि त्याहूनही अधिक ती दुसऱ्या व तिसऱ्या गटांमधील सीमारेषेची करावी लागते. कागदावर ‘खात्याच्या वतीने’ नेमलेला वकील उलटतपासणीत एकाच अधिकाऱ्याचा बचाव करत असेल, तर तो खर्च खात्याच्या नावावर पडला तरी लाभ व्यक्तीला झालेला असतो.

या वकिलांना उभे राहण्याचा हक्क कोठून येतो, हेही समजून घ्यावे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याच्या कलम ८ब नुसार, एखाद्या व्यक्तीच्या वर्तनाची चौकशी करणे आयोगाला आवश्यक वाटले किंवा चौकशीमुळे तिच्या प्रतिष्ठेला बाधा येण्याचा संभव दिसला, तर तिला म्हणणे मांडण्याची आणि बचावाचा पुरावा देण्याची संधी द्यावीच लागते. कलम ८क नुसार सरकारला, कलम ८ब खाली येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला आणि आयोगाच्या परवानगीने ज्यांची साक्ष नोंदली गेली अशा इतरांनाही उलटतपासणी घेता येते, आयोगापुढे बोलता येते आणि वकिलामार्फत किंवा, आयोगाच्या संमतीने, वकील नसलेल्या अन्य व्यक्तीमार्फत बाजू मांडता येते. या शेवटच्या शब्दांकडे ग्रामस्थांनी विशेष लक्ष द्यावे. वकील परवडत नसेल, तर विषयाची जाण असलेल्या आपल्यातील एखाद्या माणसाला प्रतिनिधी म्हणून उभे करण्याची लेखी विनंती आयोगाकडे करता येते.

हा हक्क डावलल्यास काय होते, हे गोव्याने जवळून पाहिले आहे. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये न्यायमूर्ती एम. बी. शाह आयोग नेमला आणि त्याचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. पुढे गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कलम ८ब आणि ८क प्रमाणे म्हणणे मांडण्याची, उलटतपासणीची व वकिलाची संधी मिळाली नसेल, तर त्या अहवालातील निष्कर्षांच्या आधारे खाणपट्टेधारकांवर खटले भरण्याचा आदेश देता येणार नाही. चौकशीतील वकिलांवर होणारा प्रत्येक रुपया उधळपट्टी आहे, असे मानणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात घ्यावा. योग्य प्रतिनिधित्व नसलेली चौकशी पुढे टिकत नाही, आणि मग आयोगावर झालेला सगळाच खर्च वाया जातो. आपला आक्षेप खर्चावर नसावा. तो कारण न नोंदवता, मर्यादा न घालता आणि स्वतःच स्वतःसाठी मंजूर केलेल्या खर्चावर असावा.

व्यक्तीच्या बचावाचा खर्च सरकारने केव्हा करावा

सरकारी कर्मचाऱ्याने कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीबद्दल त्याच्यावर कायदेशीर कारवाई झाली आणि त्याने बचावाचा खर्च राज्याच्या एकत्रित निधीतून मागितला, तर अशा मागणीवर लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याची तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ३२०(३)(घ) मध्ये आहे. काही बाबी सल्ल्यातून वगळण्याचे नियम सरकारला करता येतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ८ जानेवारी १९५९ च्या आदेशात याच विषयाची तत्त्वे सांगितली आहेत, आणि त्यांचा गाभा आजही उपयोगी आहे. कृती सरकारी कर्तव्याशी संबंधित नसेल, तर मदत नाही. खाजगी पक्षाने कर्तव्याशी संबंधित बाबीवर कारवाई केली असेल आणि बचाव करणे सार्वजनिक हिताचे असेल, तर सरकार बचाव करू शकते. कारवाई सरकारनेच केली असेल, तर कर्मचारी निर्दोष ठरल्यानंतर वाजवी खर्चाच्या परतफेडीचा विचार होतो.

याच्या जोडीला सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१ वाचावा. स्वतःचा पैसा खर्च करताना सामान्य विवेकी माणूस जी दक्षता घेतो ती सार्वजनिक पैशाबाबत घ्यावी, प्रसंगाला लागतो त्यापेक्षा अधिक खर्च करू नये, आणि ज्या मंजुरीचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष लाभ स्वतःला होईल ती मंजुरी स्वतः देऊ नये, अशी त्याची मांडणी आहे. यातील तिसरी अट आपल्या विषयात निर्णायक ठरते. ज्या सचिवाच्या किंवा मंत्र्याच्या निर्णयाची चौकशी चालू आहे, त्याच्याच सहीने त्याच्या बचावाच्या वकिलाचे शुल्क मंजूर झाले असेल, तर रक्कम लहान असली तरी तो गंभीर प्रश्न आहे.

येथे न्यायबुद्धीने वागण्याचीही गरज आहे. वरून आलेल्या तोंडी सूचनेनुसार सही करणारा कनिष्ठ अभियंता किंवा तलाठी आयोगापुढे एकटा पडतो, तर त्याच्या वरिष्ठाच्या मागे राज्याची सारी ताकद उभी राहते, असे चित्र निर्माण होऊ शकते. त्या कनिष्ठाला सरकारी खर्चाने स्वतंत्र वकील मिळाला असेल, तर त्यावर आक्षेप घेण्याआधी दोघांचे हितसंबंध परस्परविरोधी होते का, हे पाहावे. तसे असतील तर वेगळा वकील देणे योग्यच ठरते.

खातेनिहाय चौकशीत परिस्थिती अगदी उलटी असते. केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम, १९६५ मधील नियम १४(८) नुसार कर्मचाऱ्याला बचाव साहाय्यक म्हणून दुसरा सरकारी कर्मचारी घेता येतो. वकील मात्र तेव्हाच, जेव्हा खात्याच्या बाजूने मांडणी करणारा अधिकारी स्वतः विधिज्ञ असतो किंवा शिस्तभंग प्राधिकारी तशी परवानगी देतो. त्यामुळे खातेनिहाय चौकशीत खात्याने बाहेरचा वकील लावल्याचे देयक दिसले, तर समोरच्या कर्मचाऱ्याला वकील नाकारला होता का, हेही विचारावे.

कागदांची साखळी कशी असते

सरकारी पैसा वकिलाच्या खात्यात पोहोचेपर्यंत काही कागद तयार होतातच, आणि प्रत्येकाची तारीख बोलकी असते. पहिला कागद प्रस्तावाची टिपणी. वकील का हवा, महाधिवक्ता किंवा सरकारी वकिलांच्या यादीतील वकील का पुरेसे नाहीत, याचे कारण तिच्यात असायला हवे. दुसरा कागद कायदा खात्याचे मत. तिसरा वित्त (खर्च) खात्याची सहमती. गोव्यातील मंजुरी आदेशांत बहुधा शेवटच्या परिच्छेदात तिचा यू. ओ. (खात्यांमधील अनौपचारिक टिपणीचा) क्रमांक आणि तारीख नोंदलेली असते. चौथा नेमणुकीचा आदेश, ज्यात वकील कोणाच्या वतीने उभा राहील आणि शुल्काचे दर काय असतील हे लिहिलेले असते. त्यानंतर वकिलाचे देयक, हजेरीचे प्रमाणपत्र, खर्च मंजुरीचा आदेश आणि शेवटी पणजीच्या फाझेंदा इमारतीतील लेखा संचालनालयातून पार पडलेले प्रमाणक (व्हाउचर).

या साखळीत सर्वांत आधी तारखांचा क्रम पाहावा. नेमणूक आदेश सुनावणीच्या आधीचा आहे का? वित्त खात्याची सहमती नेमणुकीच्या आधीची आहे की नंतरची? नंतरची असेल तर ती कार्योत्तर मंजुरी झाली, आणि तातडीचे कारण फाइलवर नोंदलेले असले पाहिजे. दर मंजूर होण्याआधीच देयक आले असेल, तर दर कोणी ठरवला हा प्रश्न उभा राहतो.

अर्थसंकल्पात हा खर्च कोठे शोधायचा

अनुच्छेद २६६(३) नुसार एकत्रित निधीतून कायद्याने ठरवलेल्या रीतीनेच पैसा काढता येतो, त्यामुळे प्रत्येक खर्चाला लेखाशीर्ष असते. सरकारी वकील व कायदेविषयक सल्लागारांचा नेहमीचा खर्च प्रधान शीर्ष २०१४, न्यायदान, यातील गौण शीर्ष ११४ खाली दिसतो. विशेष चौकशी आयोगांचा खर्च प्रधान शीर्ष २०७० मधील गौण शीर्ष १०५ खाली येतो. परंतु एखाद्या खात्याने स्वतःच्या तरतुदीतून वकील नेमला, तर तो खर्च त्या खात्याच्याच मागणीत ‘व्यावसायिक सेवा’ या वस्तुशीर्ष २८ खाली, सल्लागार, लेखापरीक्षक आणि तंत्रज्ञ यांच्या शुल्काबरोबर मिसळलेला असतो. म्हणूनच अर्थसंकल्पाच्या पुस्तकातून पूर्ण आकडा मिळत नाही. तरीही तरतूद आणि सुधारित अंदाज यांची तुलना करावी. आयोग चालू असलेल्या वर्षात संबंधित खात्याच्या व्यावसायिक सेवांचा सुधारित अंदाज अचानक वाढला असेल किंवा पुरवणी मागणी आली असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज कोणत्या कार्यालयात टाकायचा हे कळते.

माहिती अधिकाराचा अर्ज

गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. आज लागू आहे तो २००५ चा केंद्रीय कायदा. अर्जाचे शुल्क १० रुपये, प्रतींचा दर पानामागे २ रुपये, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज मराठीत करण्यास संकोच नसावा. गोवा राजभाषा कायदा, १९८७ मध्ये मराठीच्या सरकारी वापराची तरतूद आहे. मात्र फाइल इंग्रजीत असते, म्हणून आयोगाचे अधिकृत नाव, अधिसूचना क्रमांक आणि तारीख काटेकोर लिहावीत.

एकाच अर्जावर विसंबून राहू नये. पर्वरीच्या सचिवालयातील कायदा खाते, आयोग नेमणारे खाते, ज्याच्या कारभाराची चौकशी झाली ते खाते आणि लेखा संचालनालय, अशा प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज द्यावा, कारण एकाकडे नेमणूक आदेश असतो, दुसऱ्याकडे टिपणी आणि तिसऱ्याकडे प्रमाणक. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करण्याची जबाबदारी त्या कार्यालयाची आहे. आयोगाचे काम चालू असेल तर आयोगाच्या सचिवांकडेही अर्ज करता येतो. अधिसूचनेने स्थापन झालेली संस्था म्हणून तो सार्वजनिक प्राधिकरण ठरतो.

अर्जाची भाषा कागद मागणारी असावी, खुलासा मागणारी नसावी. डॉ. सेल्सा पिंटो विरुद्ध गोवा राज्य माहिती आयोग या २००८ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील खंडपीठाने ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही असे ठरवले आहे. ‘इतके महाग वकील का नेमले’ असे लिहिले की अर्ज तिथेच फेटाळला जातो. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे :

‘दिनांक अमुकच्या अधिसूचना क्रमांक अमुकने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे राज्य सरकार, आपले खाते किंवा कोणताही आजी-माजी सरकारी कर्मचारी अथवा पदाधिकारी यांच्या वतीने उपस्थित राहण्यासाठी सरकारी खर्चाने नेमलेल्या प्रत्येक वकिलाच्या नेमणूक आदेशाची प्रत, त्या नेमणुकीच्या प्रस्तावावरील सर्व टिपण्यांच्या प्रती, कायदा खात्याच्या व वित्त खात्याच्या सहमतीच्या प्रती, शुल्काचे दर ठरवणाऱ्या आदेशाची प्रत, वकिलांनी सादर केलेल्या प्रत्येक देयकाची, हजेरी प्रमाणपत्राची व मंजुरी आदेशाची प्रत, प्रत्येक प्रदानाचे लेखाशीर्ष, प्रमाणक क्रमांक व तारीख, आणि व्यक्तीच्या बचावाचा खर्च सरकारने करण्याबाबत ज्या नियमाचा किंवा आदेशाचा आधार घेतला त्याची प्रत. वकिलांचे पॅन क्रमांक व बँक खाते क्रमांक वगळावेत. संबंधित फाइलची प्रत्यक्ष पाहणी करण्याचीही परवानगी द्यावी.’

शेवटची दोन वाक्ये मुद्दाम घातली आहेत. वैयक्तिक तपशील आपणच वगळले की नकाराचे एक सोपे कारण उरत नाही. आणि प्रत्यक्ष पाहणीत फाइलमधील जे कागद प्रतींत येत नाहीत ते दिसतात. पाहणीला जाताना फाइलच्या पानांचे क्रमांक टिपून घ्यावेत.

नकार आला तर

सर्वांत अधिक वापरली जाणारी सबब वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयतेची आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मधील कलम १३२ अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना आणि वकिलाने दिलेल्या सल्ल्याला संरक्षण देते. आपण सल्ला मागितलेला नसून नेमणूक, दर आणि प्रदान यांचे कागद मागितले आहेत, हे अपिलात ठासून सांगावे. देयकात सल्ल्याचा मजकूर आलाच असेल, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० नुसार तेवढा भाग झाकून उरलेला द्यावा लागतो.

दुसरे कारण कलम ८(१)(ञ) मधील वैयक्तिक माहितीचे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या कलमातील जुनी चौकट काढून ते अधिक व्यापक केले आहे, त्यामुळे हे कारण आता वारंवार पुढे येईल. त्याला उत्तर कलम ८(२) मध्ये आहे: माहिती उघड करण्यातील सार्वजनिक हित संरक्षित हितापेक्षा मोठे असेल तर सूट असूनही माहिती देता येते. हे हित कोणते, ते अर्जातच दोन-तीन वाक्यांत लिहून ठेवावे. ‘आयोगाचा अहवाल अजून विधानसभेत मांडलेला नाही, म्हणून विशेषाधिकाराचा भंग होईल’ असेही सांगितले जाते. चौकशी आयोग कायद्याच्या कलम ३(४) नुसार अहवाल कृती-अहवालासह (सरकारने केलेल्या कारवाईच्या निवेदनासह) सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवायचा असतो हे खरे, पण वकिलाचे देयक म्हणजे अहवाल नव्हे.

माहिती अधिकाऱ्याने वकिलाला त्रयस्थ पक्ष मानून माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ खाली नोटीस काढली, तर वकिलाला म्हणणे मांडण्यास दहा दिवस मिळतात आणि निर्णय अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांत व्हावा लागतो. त्रयस्थाने हरकत घेतली एवढ्याने माहिती नाकारता येत नाही. मुदतीत उत्तर आले नाही तर पुढे माहिती विनाशुल्क द्यावी लागते. पहिले अपील ३० दिवसांत, त्यावरील दुसरे अपील ९० दिवसांत पणजीतील पाटो येथील गोवा राज्य माहिती आयोगाकडे करावे. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

देयके कशी वाचावीत

या पायरीवर घाई करू नये, कारण सगळी मेहनत इथे फळते. एका बाजूला आयोगाचा रोजनामा ठेवावा आणि दुसऱ्या बाजूला देयके. रोजनाम्यात कोणत्या दिवशी सुनावणी झाली, कोण हजर होते आणि काम पुढे ढकलले का, हे नोंदलेले असते. शुल्काच्या दरपत्रकांत प्रभावी सुनावणी आणि केवळ तारीख पडलेली सुनावणी असा फरक केलेला असतो आणि दुसरीचा दर बराच कमी असतो. ज्या दिवशी रोजनाम्यात ‘तहकूब’ लिहिले आहे त्या दिवसाचे पूर्ण शुल्क घेतलेले असेल, तर त्या ओळीसमोर खूण करावी.

ज्येष्ठ अधिवक्ता स्वतः वकालतनामा दाखल करत नाही आणि त्याच्यासोबत दुसरा वकील लागतो, हा वकिली व्यवसायाचा नियम आहे. त्यामुळे ज्येष्ठाच्या शुल्कामागे साहाय्यक वकिलाचे शुल्क येणे गैर नाही. परंतु साहाय्यक किती आणि त्या प्रत्येकाची नेमणूक आदेशात आहे का, हे पाहावे. पुढे सल्लामसलतीचे शुल्क तपासावे. सुनावण्या कमी आणि बैठका पुष्कळ असे दिसले, तर बैठकीला खात्याकडून कोण उपस्थित होते याची नोंद मागावी. त्या बैठकांना चौकशीखालील व्यक्ती एकटीच जात असेल, तर वकील कोणाचा होता याचे उत्तर तिथेच मिळते. दिल्लीहून किंवा मुंबईहून आलेल्या वकिलाचा विमानप्रवास आणि हॉटेलचा खर्च वेगळ्या शीर्षाखाली दिला जाऊ शकतो, म्हणून तो वेगळा मागावा. त्याच दिवशी तो वकील उच्च न्यायालयात सरकारच्याच दुसऱ्या प्रकरणात उभा राहिला असेल, तर प्रवासखर्च दोनदा आकारला आहे का, हेही तपासावे.

बेरीज करताना देयकाची मूळ रक्कम धरावी. उगमस्थानी करकपात (टीडीएस) झाल्यामुळे वकिलाच्या हाती पडलेली रक्कम कमी दिसते, आणि एका खात्याने मूळ व दुसऱ्याने निव्वळ रक्कम कळवली की हिशेब जुळत नाही. महाधिवक्ता व नियमित सरकारी वकील यांना मिळणारे ठरावीक मासिक मानधन आयोगाच्या नावाने वेगळे नोंदले जात नाही. आपल्या तक्त्यात तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे कोणी आकडा फुगवल्याचा आरोप करणार नाही. तक्ता गटांनुसार करावा: आयोगाचा वकील, खात्याचा वकील, व्यक्तींचे वकील. पीडितांच्या गटासमोर शून्य येत असेल तर तो रकाना गाळू नये. त्या शून्यात चौकशीतील सर्वांत मोठी विषमता नोंदलेली असते, आणि माझ्या मते ती दूर करण्याची मागणी खर्चकपातीच्या मागणीइतकीच तातडीची आहे. ब्रिटनच्या २००५ च्या चौकशी कायद्यातील कलम ४० आयोगाच्या अध्यक्षाला, चौकशीत विशेष हितसंबंध असलेल्यांचा कायदेशीर प्रतिनिधित्वाचा वाजवी खर्च सार्वजनिक निधीतून देण्याचा अधिकार देते. आपल्या १९५२ च्या कायद्यात साक्षीसाठी बोलावलेल्यांच्या प्रवासखर्चाबाबत नियम करण्याची तरतूद आहे, वकिलाच्या खर्चाची स्वतंत्र तरतूद नाही. कायदेशीर सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोठ्या आपत्तीतील पीडितांचा मोफत कायदेशीर साहाय्यासाठी समावेश आहे. आयोग सुरू होताच त्यांनी गोवा राज्य कायदेशीर सेवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करावा.

हाती आलेल्या माहितीचे पुढे काय करावे

तक्ता आणि कागदांच्या प्रती आपल्या आमदाराकडे द्याव्यात आणि विधानसभेत प्रश्न विचारण्याची विनंती करावी. तारांकित प्रश्नाला सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. आकड्यांच्या लांब जोडपत्रासाठी अतारांकित प्रश्न अधिक सोयीचा, आणि ‘व्यक्तीच्या बचावाचा खर्च कोणत्या नियमाखाली केला’ हे विचारण्यासाठी तारांकित. मंजुरीच्या तारखा उलटसुलट असतील किंवा लाभार्थ्यानेच मंजुरी दिली असेल, तर पर्वरीतील महालेखापाल कार्यालयाला कागदांसह लिहावे. लेखापरीक्षण अहवालात त्यावर परिच्छेद आला की तो विधानसभेच्या लोकलेखा समितीपुढे जातो. वकिलांच्या निवडीत मनमानी दिसली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या ३० मार्च २०१६ च्या पंजाब राज्य विरुद्ध ब्रिजेश्वर सिंग चहल या निकालाचा आधार घेता येतो. सरकारी वकिलांची नेमणूक न्याय्य आणि कारणाधिष्ठित पद्धतीने व्हावी, असे त्यात म्हटले आहे.

पंचायतीच्या पातळीवर चौकशी असेल, तर वाट लहान आहे. पंचायतीने वकील नेमला असेल तर पंचायत मंडळाच्या बैठकीचा ठराव असला पाहिजे. त्या ठरावाची आणि रोखवहीतील नोंदीची प्रत सचिवांकडे मागावी, आणि चौकशी सरपंचाच्या व्यक्तिगत वर्तनाची असून वकील पंचायतीच्या निधीतून नेमलेला असेल, तर प्रश्न ग्रामसभेत मांडून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

हे सारे अर्ज आयोगाचे काम चालू असतानाच करावेत. मुदत संपली की आयोगाचे कार्यालय बंद होते, कर्मचारी मूळ खात्यांत परततात, कागद नेमणाऱ्या खात्याच्या अभिलेखात जातात आणि रोजनामा शोधण्यातच पहिल्या अपिलाची मुदत निघून जाते.